पाळण्यांच्या मैदानावर दहा-वीस रुपयांचा खाऊ: गोव्याच्या जत्रेत प्रथमच दुकान घालणाऱ्यांसाठी

गोव्यात बारमाही करमणूक उद्याने मोजकीच आहेत. त्यांच्या कुंपणाच्या आत खाद्यपदार्थ विकण्याचा हक्क बहुधा उद्यानचालक स्वतःकडे किंवा एखाद्या ठेकेदाराकडे ठेवतात, त्यामुळे लहान विक्रेत्याला तेथे शिरकाव मिळणे अवघड असते. सामान्य माणसाचे करमणूक उद्यान मात्र जत्रेबरोबर गावात येते. म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेला देवळासमोरच्या शेतात आकाशपाळणा, ब्रेक डान्स, टोराटोरा आणि मुलांची आगगाडी उभी राहते; वास्कोच्या दामोदर सप्ताहाला, चर्चच्या मोठ्या फेस्तांना आणि इतर जत्रांनाही जागेच्या मानाने पाळणे येतात. या पाळण्यांच्या आसपास दहा-वीस रुपयांचा कोरडा खाऊ विकून चार पैसे मिळवू इच्छिणाऱ्यांसाठी हा लेख आहे. मोठे हॉटेल थाटणाऱ्यांना किंवा भजी-ऑम्लेटची भट्टी लावणाऱ्यांना यातील थोडाच भाग उपयोगी पडेल.

एक गोष्ट आरंभीच सांगतो, कारण पुढचे बहुतेक सल्ले तिच्यावरच उभे आहेत. वीस रुपयांच्या पुडीत नफा असतोच. तो खाल्ला जातो रात्री उरलेल्या, मऊ पडलेल्या, चिकट झालेल्या मालाने. म्हणून काय विकायचे, किती आणायचे, कोठे उभे राहायचे, हे सारे प्रश्न माल कमीत कमी कसा उरेल या एकाच कसोटीवर सोडवावेत.

पहिली पायरी: हवा पाहून माल ठरवणे

गोव्याची हवा दमट आहे. डिसेंबर-जानेवारीत दिवसा ती कोरडी वाटली, तरी शेतात भरलेल्या जत्रेत रात्री दहानंतर दव पडू लागते आणि ताडपत्रीवरून पाणी ओघळते. सप्ताह तर ऐन श्रावणात, पावसात असतो. महाराष्ट्रात घाटावरच्या कोरड्या हवेत जे पदार्थ तीन तास कुरकुरीत राहतात, ते येथे अर्ध्या-पाऊण तासात मान टाकतात, हे बाहेरून आलेल्या विक्रेत्याच्या ध्यानात पहिल्या रात्रीच येते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे साखरेचा कापूस, अर्थात म्हातारीचे केस. मुलांना त्याच्याइतके दुसरे काही खुणावत नाही, आणि एका किलो साखरेत तीस-पस्तीस नग निघत असल्याने कच्च्या मालाचा खर्चही अगदी किरकोळ असतो. परंतु साखरेचे ते तंतू हवेतील ओल शोषून घेतात आणि आकसून त्यांचा चिकट गोळा होतो. पहिल्या वर्षी मी संध्याकाळी सहा वाजताच साठ नग पिशव्यांत भरून काठीला टांगून ठेवले होते. नऊ वाजता गर्दी आली तेव्हा त्यांतील निम्म्याहून अधिक नग मुठीएवढे झाले होते. हा पदार्थ विकायचाच असेल, तर गिऱ्हाईक समोर उभे राहिल्यावरच यंत्र फिरवावे. देखावा म्हणून दोन-तीनच नग टांगावेत.

कापसाच्या बाबतीत रंगाचा प्रश्न याहून गंभीर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुद्दुचेरी आणि तमिळनाडू यांनी तपासणीत रोडामाइन-बी हा कापड रंगवण्याचा रंग आढळल्यामुळे असा कापूस विकण्यावर बंदी घातली, आणि पुढच्याच महिन्यात कर्नाटकाने कापूस व गोबी मंचुरियन यांतील कृत्रिम रंगांवर बंदी आणली. गोव्यात कडक पवित्रा त्याआधीच दिसला होता: २०२२ मध्ये वास्कोच्या सप्ताहात अन्न व औषध प्रशासनाने गोबी मंचुरियनच्या दुकानांना आवर घालण्यास सांगितले, आणि जानेवारी २०२४ मध्ये म्हापसा नगरपालिकेने बोडगेश्वराच्या जत्रेच्या सुमारास त्या पदार्थावर बंदी जाहीर केली. तेव्हा पांढरा कापूसच विकावा. गुलाबी रंगाचा आग्रह धरणाऱ्या मुलाला पांढरा कापूस मोठा करून दिला, तर ते मूल तक्रार करीत नाही, असा माझा अनुभव आहे.

पॉपकॉर्न हा नवख्यासाठी अधिक भरवशाचा पदार्थ आहे, मात्र त्याची दोन टोके सांभाळावी लागतात. मक्याच्या दाण्यात सुमारे चौदा टक्के ओलावा असेल, तरच तो साधारण १८० अंश सेल्सिअसला नीट फुटतो. दाणा उघड्या पोत्यात वाळला की तळाशी न फुटलेले दाणे वाढतात, आणि ते दाणे म्हणजे फुकट गेलेले पैसे. म्हणजे कच्चा दाणा वाळू नये म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचा, आणि फुटलेली लाही ओल धरू नये म्हणून यंत्राच्या काचपेटीत दिव्याच्या उबेत ठेवायची. पेटीबाहेर भरून ठेवलेली पिशवी अर्ध्या तासाहून जुनी होऊ देऊ नये.

तिसरा पदार्थ चणे आणि शेंगदाणे. यांत दिखाऊपणा काही नाही, परंतु उरलेला माल दुसऱ्या रात्री पुन्हा परतून विकता येतो. हा गुण दुसऱ्या कोणत्याही स्वस्त खाऊत इतक्या प्रमाणात नाही. म्हणून दुकानात एक पदार्थ मुलांना ओढणारा आणि एक न नासणारा, अशी जोडी ठेवावी. माझ्या मते पॉपकॉर्न आणि भाजलेले चणे-शेंगदाणे ही सर्वांत निर्धोक जोडी आहे. अगदी लहान मुलांच्या घशात शेंगदाणा अडकू शकतो, म्हणून कडेवरच्या बाळासाठी कोणी पुडी मागितली तर तसे मोकळेपणाने सांगावे.

खाज्यांचे काय, असे कोणीही गोमंतकीय विचारील. बेसनाच्या तळलेल्या कांड्यांना आले घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवून केलेले खाजे हा तर जत्रेचा प्राणच आहे. देवाचे दर्शन झाले आणि हातात खाज्याची पुडी नाही, असा माणूस घरी परतत नाही. गोव्याच्या खाज्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. परंतु खाजेकारांची घराणी वर्षानुवर्षे ठरावीक जागी बसतात, त्यांचा हात त्या पाकावर बसलेला असतो आणि गिऱ्हाईकही त्यांना ओळखते. नवख्याने त्यांच्या रांगेत जाऊन खाजे विकण्यात अर्थ नाही. पाळण्यांचा भाग खाजेकारांच्या रांगेपासून दूर असेल, तर त्यांच्याचकडून घाऊक भावाने खाजे घेऊन गिऱ्हाइकासमोर पन्नास-पन्नास ग्रॅम तोलून द्यावेत. मात्र गुळाचा पाक दवात पाझरतो, म्हणून बरणी उघडी ठेवू नये.

बर्फाचा गोळा आणि सरबते पहिल्या वर्षी टाळावीत, असे मी म्हणेन. बर्फ कोणत्या पाण्याचा आहे याची खात्री लहान विक्रेत्याला देता येत नाही.

दुसरी पायरी: जागा आणि कागदपत्रे

जागा कोणाकडे मागायची हे जमीन कोणाची आहे यावर ठरते. देवळाच्या आवारात देवस्थान समिती, चर्चच्या फेस्ताला बहुधा फाब्रिका (चर्चच्या मालमत्तेचा कारभार पाहणारी समिती), रस्त्याकडेच्या फेरीला, म्हणजे तात्पुरत्या बाजाराला, नगरपालिका किंवा पंचायत, असे मालक वेगवेगळे असतात. काही ठिकाणी पाळणेवाल्यांनी अख्खा पट्टा घेतलेला असतो आणि आतल्या जागा तेच पुढे देतात. मोठ्या जत्रांत जागांची पावणी होते, म्हणजे त्या बोलीने दिल्या जातात. पावणीच्या दिवशी नुसते हजर राहून भाव ऐकावा आणि दुसऱ्या वर्षी बोली लावावी, हा सल्ला थोडा भित्रा वाटेल, परंतु चढाओढीत बोललेला आकडा चण्याच्या पुड्यांतून वसूल करताना जो घाम फुटतो तो मी पाहिला आहे. पहिल्या वर्षी ठरावीक भाडे असलेली लहान गावाची जत्रा निवडावी.

पैसे कोणालाही दिले तरी पावती घ्यावी. जागेचे भाडे वेगळे आणि रोजचा सोपो, म्हणजे बाजारात बसण्याचा कर, वेगळा असू शकतो. सोपो गोळा करणारा माणूस आला की त्याच्याकडचे पावतीपुस्तक पाहावे आणि भाड्यात सोपो धरला आहे की नाही हे समितीला आधीच विचारून ठेवावे. भाड्यात वीज, कचरा उचलणे आणि रात्रीची राखण यांतील काय काय येते, हेही त्याच वेळी विचारावे. देवळाच्या आवारात अंडे किंवा अंड्याचा पदार्थ चालत नाही, हे गृहीत धरूनच चालावे.

खाद्यपदार्थ विकणाऱ्या प्रत्येकाला अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ लागू होतो. २०११ च्या विनियमांनी वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान व्यावसायिकासाठी परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरेशी ठरवली आणि तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये ठेवले. अर्ज फॉस्कॉस या पोर्टलवर भरता येतो. भरण्यापूर्वी त्या दिवशीची मर्यादा आणि शुल्क तेथेच पाहून घ्यावे. ओळखपत्र, छायाचित्र आणि पत्ता एवढ्यावर हे काम होते. नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक असलेले प्रमाणपत्र गाड्यावर दिसेल असे लावावे, कारण मोठ्या जत्रांत अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक फिरतात. अर्ज जत्रेच्या आठवड्यात करू नये. निदान महिनाभर आधी करावा.

तोलून विकणार असाल, तर वजनमापे खात्याचा शिक्का असलेलाच काटा वापरावा. पुड्या आधीच सीलबंद करून ठेवल्या की त्या आवेष्टित माल ठरतात आणि त्यांवर वजन, किंमत, तारीख वगैरे छापण्याचे नियम लागू होतात. म्हणून लहान विक्रेत्याने गिऱ्हाइकासमोर भरून देणे हेच सोपे. पाण्याच्या बाटल्या ठेवल्यास छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेऊ नये. थंड करण्याचा खर्च म्हणून वर घेतलेले दोन रुपये तक्रारीला आमंत्रण देतात.

मैदानावर नेमके कोठे उभे राहावे

मालानंतर दुकानाचे भवितव्य ठरवणारी गोष्ट म्हणजे ही पंधरा-वीस पावलांची निवड. नवखा विक्रेता पाळण्यांच्या तिकीटखिडकीजवळ जागा मागतो, कारण तेथे गर्दी दिसते. परंतु तिकिटाच्या रांगेतील माणसाचा एक हात तिकिटात आणि दुसरा मुलात अडकलेला असतो. शिवाय खाऊ घेऊन पाळण्यात बसू देत नाहीत. विक्री होते ती मुले उतरतात त्या बाजूला, आणि कठड्याला टेकून वाट पाहणाऱ्या आई-आजोबांपाशी.

सगळे पाळणे सारखे नसतात. ब्रेक डान्समधून उतरलेल्या तरुणाचे पोट दहा मिनिटे तरी काही मागत नाही. मुलांची आगगाडी, घोड्यांचे चक्र आणि उड्या मारण्याचा फुगा यांच्या बाहेरची वाट मात्र सोन्याची आहे, कारण तेथून उतरणारे मूल आणखी एक फेरी मागत असते आणि पालकांना त्याचे मन दुसरीकडे वळवायचे असते. साठ रुपयांच्या दुसऱ्या तिकिटाऐवजी वीस रुपयांचे पॉपकॉर्न, हा व्यवहार पालकाला नेहमीच परवडतो. जनरेटरच्या जवळची, मुताऱ्यांच्या वाऱ्याच्या दिशेची आणि सखल जागा स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. जागा दिवसा पाहून पुरत नाही. आदल्या वर्षीच्या किंवा शेजारगावच्या जत्रेत रात्री नऊला जाऊन लोक कोठून कोठे वाहतात ते पाहावे.

वाट मोकळी ठेवण्याविषयी एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. मे २०२५ मध्ये शिरगावच्या लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले. तेव्हापासून गर्दीच्या वाटेवरील दुकानांकडे अधिक काळजीने पाहणे हे प्रत्येकाचेच काम झाले आहे. फळकूट, खुर्ची किंवा रिकामी खोकी ठरलेल्या रेषेपुढे एक हातही सरकवू नयेत, आणि गिऱ्हाइकांची रांग वाटेत आडवी न जाता दुकानाच्या कडेने उभी राहील अशी मांडणी करावी.

हिशेब: विकलेल्या पुडीचा आणि उरलेल्या पुडीचा

पुढील आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. आपल्या गावचे भाव घालून हेच गणित पुन्हा मांडावे. पॉपकॉर्नच्या एका पुडीला सुमारे २५ ग्रॅम दाणा लागतो, म्हणजे एका किलोत चाळीस पुड्या. दाणा १२० रुपये किलो धरला तर तीन रुपये, तेल-मीठ-हळदीचे दीड रुपया, कागदी पिशवीचे दोन रुपये आणि गॅसचा एक रुपया, असे साडेसात रुपये होतात. वीस रुपयांना विकल्यास पुडीमागे साडेबारा रुपये हाती राहतात. जागा, वीज, वाहतूक आणि मदतनिसाची मजुरी मिळून रात्रीचा ठरलेला खर्च २,५०० रुपये असेल, तर २०० पुड्या विकल्यावर खर्च भरून निघतो आणि कमाई २०१ व्या पुडीपासून सुरू होते.

आता समजा ४० पुड्या मऊ पडून टाकाव्या लागल्या. त्यांत ३०० रुपये गेले, आणि ते भरून काढण्यासाठी आणखी २४ पुड्या विकाव्या लागतील. म्हणून पुड्या भरताना गर्दीच्या दहा मिनिटे मागे राहिलेले बरे. गर्दीच्या तासभर पुढे पळू नये.

रांगेचे गणितही असेच उद्बोधक आहे. रात्रीच्या २०० पुड्यांपैकी १२० पुड्या साधारण आठ ते दहा या दोन तासांतच खपतील असे धरले, तर मिनिटाला एक पुडी द्यावी लागते. २२५ ग्रॅम दाण्याचे एक भांडे चार मिनिटांत नऊ पुड्या देते, म्हणजे यंत्र मिनिटाला दोनहून अधिक पुड्या काढते. तेव्हा मोठे यंत्र घेऊन काही साधत नाही. खोळंबा होतो तो हातांचा आणि सुट्ट्या पैशांचा. एकाने फक्त भरावे आणि दुसऱ्याने फक्त पैसे घ्यावेत; पैशाला लागलेला हात खाऊला लावू नये, हा स्वच्छतेचा नियमही यातच पाळला जातो.

किंमत दहा, वीस किंवा पन्नास अशीच ठेवावी. पंधरा रुपयांच्या पुडीला प्रत्येक वेळी पाच रुपये परत द्यावे लागतात आणि रांग तेथेच थबकते. वीसला एक आणि पन्नासला तीन अशी पाटी लावली, तर एकत्र कुटुंबे पन्नासची नोट पुढे करतात. क्यूआर कोड जरूर लावावा, पण भर गर्दीत मोबाइलचे जाळे कोलमडते आणि पैसे गेले की नाही यावर वाद होतो. रक्कम बोलून दाखवणारे यंत्र ठेवावे, गिऱ्हाइकाच्या पडद्यावरच्या चित्रावर विसंबू नये, आणि किमान हजार रुपयांची दहा-वीसची चिल्लर दुपारीच बांधून आणावी.

बांधणी, विस्तव आणि कागद

चण्याची पुडी वर्तमानपत्राच्या कागदात बांधण्याची आपली जुनी सवय आता सोडावी लागेल. छपाईची शाई अन्नाला लागते म्हणून १ जुलै २०१९ पासून लागू झालेल्या आवेष्टन विनियमांनी खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात गुंडाळण्यास मनाई केली आहे. कोऱ्या कागदाच्या पुड्या महिला बचत गटांकडून किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून घाऊक घ्याव्यात. प्लास्टिकचे पेले, ताटल्या, चमचे आणि खाऊच्या प्लास्टिक काड्या १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत. कापसाला बांबूची काडी वापरावी, तिचे टोक बोथट करून.

गॅसवर काम करणार असाल तर १९ किलोचे व्यापारी सिलिंडरच आणावे. घरगुती सिलिंडर धंद्यासाठी वापरणे नियमबाह्य आहे आणि तपासणीत ते जप्त होते. सिलिंडर दुकानाच्या मागे, उभे, ताडपत्रीपासून दूर ठेवावे; वाळूची बादली आणि अग्निशामक नळकांडे हाताशी असावे. विजेवरची यंत्रे एक-दीड किलोवॅट ओढतात, म्हणून संयोजकाच्या वीजतंत्र्याला यंत्राचा आकडा आधीच द्यावा आणि आपल्या तारेवर गळती-प्रतिबंधक स्विच बसवून घ्यावा. दवाने ओल्या झालेल्या गवतावरून जाणारी उघडी जोडणी ही जत्रेतील खरी धोक्याची जागा आहे.

रात्र संपल्यावर

दुकान आवरताना वहीत तीन आकडे लिहावेत: किती दाणा आणला, किती पुड्या विकल्या, किती टाकल्या. त्यापुढे वार आणि हवा लिहावी. शनिवार-रविवारची रात्र, नाटकाची रात्र, दव पडलेली रात्र यांत विक्री किती बदलते हे तिसऱ्या रात्रीपर्यंत स्पष्ट दिसू लागते, आणि चौथ्या रात्रीचा माल अंदाजाऐवजी वहीवरून भरता येतो. उरलेले चणे गार झाल्यावरच घट्ट डब्यात भरावेत. गरम चणे झाकले की आत वाफ धरते आणि सकाळी ते चामट होतात. ओला व सुका कचरा वेगळ्या पोत्यांत बांधून समितीने सांगितलेल्या जागी ठेवावा, आणि पाळण्याखाली उडालेल्या आपल्या रिकाम्या पुड्याही वेचाव्यात. शेवटच्या सकाळी समितीच्या माणसाला मोकळी जागा दाखवून अनामत रक्कम परत घ्यावी आणि पावतीच्या मागे जागेचा क्रमांक लिहून ठेवावा, कारण पुढच्या वर्षी जागा मागताना तोच क्रमांक सांगता येतो.